रेघमास्तरांचं दुसरं मैदान

रेघमास्तरांना कोणी खऱ्या नावानं हाक मारली असती, तर हा कोणाला बोलावतोय म्हणून त्यांनीच मागं वळून पाहिलं असतं. सरकारी शाळेत खेळ शिकवायला लागले आणि हे नाव त्यांना जे चिकटलं ते चिकटलंच. तोंडावर सगळे 'सर' म्हणायचे, पाठ फिरली की रेघमास्तर. त्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

शाळेत शिपाई होता, माळी होता, पण मैदानावर फक्की मारायला मास्तर कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. सकाळी शाळा भरायच्या आधी हे गृहस्थ पत्र्याच्या डब्याला खालून भोकं पाडून त्यात पांढरी फक्की भरायचे, सुतळी ताणायचे आणि कंबरेत वाकून व्हॉलीबॉलचं कोर्ट आखायचे. रेघ अशी सरळ, की भूमितीच्या बाई खिडकीतून वर्गाला दाखवायच्या. "कालचीच आहे की सर, अजून दिसतेय," असं कोणी म्हटलं तर ऐकून घ्यावं लागे, "दिसणं वेगळं आणि असणं वेगळं." काय वेगळं, ते कोणी विचारायचं नाही. विचारणारा घंटा होईपर्यंत सुटला नसता.

बरं, माणूस मैदानावर रेघा मारतो तोवर ठीक. यांना घरातही तीच खोड. कपाटात यांचे कपडे डावीकडे, बायकोचे उजवीकडे आणि मधे एक हँगर रिकामा. कोणी विचारलं तर बायको सांगायची, "तो सीमेवरचा शिपाई आहे. त्याला काही घालायचं नाही, तो नुसता उभा राहतो."

गावात दुसरी एक शाळा होती. तिला सगळे टायवाली शाळा म्हणत, कारण तिथली पहिलीतली पोरंसुद्धा गळ्याला टाय आवळून यायची. इमारत चकचकीत, जिन्याला पितळी कठडे, पण मैदान म्हणाल तर गच्ची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एका वर्षी त्यांनी काय करावं? मास्तरांनी बोटं कशी धरायची इथपासून शिकवून तयार केलेली एक मुलगी फी माफ करून उचलली. उचलली तर उचलली, वर निरोप पाठवला, 'आमच्याकडे मैदान नाही, तेव्हा सरावाला ती तुमच्याकडेच येईल, आभारी आहोत.' मास्तर तेव्हा तरुण आणि मऊ होते. येऊ दिली. पुढच्या वर्षीच्या सामन्यात त्याच पोरीनं त्यांच्याच शाळेला धूळ चारली.

"माझ्या मैदानावर शिकली आणि माझ्याच रेघेवर बॉल टाकून गेली!" मास्तर त्या दिवशी घरभर ओरडत फिरले. रागाच्या भरात माणूस भांडं आपटतो, फार तर दार आपटतो. यांनी शाळेच्या समितीकडून नियम करून घेतला. ज्याचं नाव आपल्या शाळेत नाही, तो आपल्या संघात नाही आणि आपल्या मैदानावरही नाही. आणि जो आपल्या संघात आहे, त्यानं दुसरीकडे कुठंही खेळायचं नाही. समितीतले लोक कंटाळले होते, चहा गार होत होता, त्यांनी हात वर केले.

तेव्हापासून तो नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वडिलांची अर्ध्या वर्षात बदली झाली म्हणून गावात आलेला एक मुलगा होता. दाखला यायला वेळ होता आणि पोराला खेळायचं होतं. मास्तरांनी त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर नेऊन उभा केला. पोरगा हुंदके देऊन रडला. मास्तरांनी त्याला एक चॉकलेट दिलं, आणि आतल्या मुलांना तिथल्या तिथं धडा दिला, "रडणाऱ्याकडे बघून रेघ हलवायची नसते." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढं प्रत्येक वर्गाला वर्षातून एकदा तरी ते ऐकवलं गेलं. पोरांच्या पिढ्या बदलल्या, चॉकलेटवरचे कागद बदलले, वाक्य तेच राहिलं.

आणि मग, म्हणतात ना, आपल्याच हातानं खणलेला खड्डा आपलीच वाट बघत असतो, तसं झालं.

मास्तरांची लेक त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. जावई जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा उगवायचा. लेकीचं काम घरूनच चाले. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली पत्रकं असतात ना, जी कोणीच वाचत नाही, ती ती वाचायची आणि चुका काढायची. बापाचीच लेक ती. तिची मुलगी म्हणजे मास्तरांची नात. अंगानं एवढीशी, पण दप्तर, पाण्याची बाटली, आजीची पिशवी सगळं स्वतःच उचलणार, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत.

मुंगी अर्थातच मास्तरांच्या शाळेत होती. पण तिच्या डोळ्यांपुढं अक्षरं जागेवर थांबत नसत. वाचायला उभी केली की घाम फुटायचा. एका बाईंनी भर वर्गात तिला ठोंबी म्हटलं, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मुंगीच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि त्या औषधांची पत्रकं तिच्या आईनं तीनतीनदा वाचून झाली. शेवटी आईनं सांगून टाकलं, "मी हिला घरी शिकवणार. परीक्षा बाहेरून देईल."

"माझ्या शाळेतून? माझी नात?" मास्तर उभेच राहिले.

"शाळा तुमची आहे बाबा, पोटात हिच्या दुखतंय."

त्यानंतर बरेच दिवस मास्तर लेकीशी फक्त बायकोमार्फत बोलत. "तिला सांग, मीठ इकडे कर." लेक हाताच्या अंतरावर बसलेली असायची. आजी म्हणायची, "मी काय टपाल खात्यात आहे?" आणि मीठ स्वतःच उचलून द्यायची.

नातीशी मात्र अबोला धरणं त्यांना काही जमेना. त्यातून पोरीला खेळाचं वेड. घरामागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती, तीच नेट झाली. मास्तर दोरीच्या पलीकडे, मुंगी अलीकडे. गुडघे कुरकुरत होते, पण शिकवण्यात मास्तरांनी कसूर केली नाही. बघता बघता मुंगी अशी सर्व्हिस टाकायला लागली की आजीनं ओल्या चादरी गच्चीवर न्यायला सुरुवात केली. एवढ्याशा हातात एवढा जोर येतो कुठून, हे मास्तरांनाही कळेना. इतक्या वर्षांत त्यांनी असा हात पाहिला नव्हता, आणि तो हात त्यांच्याच नियमानं मैदानाबाहेर होता. दिवसा फाटक लावायचं आणि संध्याकाळी अंगणात शिकवायचं, असा त्यांचा संसार चालला होता.

इकडे शाळेत मुलींच्या संघाचं काही खरं नव्हतं. पाच जणी बऱ्या होत्या. सहावी म्हणून जी मिळाली, ती बॉल आला की डोळे गच्च मिटून दोन्ही हात वर करायची, जसं कोणी पिस्तूल रोखलंय. तिला सगळे डोळेमिटी म्हणत. बिचारी रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर, म्हणून तिला काढायला जीव होईना. आणि टायवाल्यांशी सामना तर तोंडावर आला होता.

संघाची कप्तान उंच, आणि जिभेला हाड नसलेली. एक दिवस ती सरळ म्हणाली, "सर, तुमच्या मुंगीला घ्या ना. आम्ही बघितलंय तिला तुमच्या अंगणात. भिंतीवर चढून बघितलंय."

"तिचं नाव आपल्या शाळेत नाही."

"पण सर, बॉल काय नाव विचारून येतो का?"

मास्तरांनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्या मारता मारता ती तेच बडबडत होती.

मास्तर कदाचित तसेच अडून राहिले असते. एका दुपारी जरा लवकर घरी आले तर अंगणात मुंगी एकटी. दोरीवरून बॉल उंच उडवायची, वाकून दोरीखालून पलीकडे पळायची आणि तोच बॉल तिकडून घ्यायची. दोन्ही बाजू स्वतःच. आणि प्रत्येक वेळी बॉल खाली यायला लागला की खच्चून ओरडायची, "माझा!" संघात खेळताना दोघी एकाच बॉलवर धावून धडकू नयेत म्हणून ओरडायचं असतं ते. मास्तरांनीच शिकवलेलं.

"अगं, एकटी तर खेळतेस," मास्तर म्हणाले. "ओरडतेस कोणासाठी?"

मुंगीनं बॉल पोटाशी धरला. "सवय असावी ना आजोबा. उद्या कोणी असलं तर?"

मास्तर चपला काढायच्या विसरून तसेच स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याला धरून उभे राहिले. आजीनं एकदा चपलांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे, आणि चपलांबद्दल काही बोलली नाही.

"तिला म्हणावं," मास्तर घसा खाकरून म्हणाले, "अर्ज कर समितीकडे."

"तिला म्हणजे कोणाला? वर जाऊन स्वतः सांगा की. पाय आहेत ना?"

मास्तर गेले. लेकीनं अर्ज तर आधीच लिहून ठेवला होता, फक्त द्यायला धीर झाला नव्हता. अर्जात तिनं एकच मुद्दा मांडला होता. शाळा सरकारी म्हणजे सगळ्यांची, तर मग मैदान सगळ्यांचं का नाही? मास्तरांनी तो वाचला आणि त्यातली एक वेलांटी सुधारली. लेकीनं ती वेलांटी आधी बरोबरच होती हे दाखवून दिलं. इतक्या दिवसांत दोघं पहिल्यांदाच हसले.

समितीची सभा मोठ्या बाईंच्या खोलीत भरली. चेअरमन होते हार्डवेअरचे दुकानदार. त्यांच्या शेजारी दातांचे डॉक्टर. दोघंही मास्तरांचेच जुने विद्यार्थी. मास्तरांनी सकाळी दाढी करताना आरशासमोर भाषणाची तालीम केली होती, हनुवटीवर कापून घेतलं होतं, त्यावर कापसाचा बोळा अजून चिकटलेला. ते उभे राहिले.

"हा नियम मी केला," ते म्हणाले. "तेव्हा मला टायवाल्यांचा राग आला होता. राग बरोबर होता, नियम चुकला. एका शाळेनं आपल्याला फसवलं म्हणून मी गावातल्या सगळ्या पोरांना दार लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. माझी विनंती आहे, हा अर्ज मंजूर करा."

स्वतःच्या माणसासाठी त्यांनी आजवर कोणाकडे काही मागितलं नव्हतं, सवयच नव्हती.

चेअरमननी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मास्तरांना वाटलं, जिंकलं.

"सर," चेअरमन म्हणाले, "घरून किती दबाव असेल हो तुमच्यावर!"

"दबाव कसला? मी मनापासून बोलतोय."

"तेच तर! किती मनापासून बोललात!" दातांचे डॉक्टर म्हणाले. "आता घरी सांगायला मोकळे. तुम्ही तुमच्या बाजूनं सगळं केलंत."

"अहो, मला खरंच वाटतं की नियम चुकलाय!"

"सर, आठवतंय का?" चेअरमन उठून त्यांच्याजवळ आले. "वडिलांच्या बदलीमुळं आलेला पोरगा, तो मीच. दाखला नव्हता. तुम्ही दंडाला धरून फाटकाबाहेर उभं केलंत. इतकं रडलो होतो मी त्या दिवशी, इतका राग आला होता तुमचा! पुढं मोठा झालो, दुकान टाकलं, तेव्हा कळलं शिस्त काय असते. रडणाऱ्याकडे बघून रेघ हलवायची नसते. आज तुमच्या घरचं माणूस आहे म्हणून आम्ही रेघ हलवली, तर तुम्ही शिकवलेलं वाया गेलं ना, सर? लोक म्हणतील, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आम्ही तुमच्या नावाला तसा डाग लागू देणार नाही."

अर्ज एकमतानं नामंजूर झाला. शिवाय मास्तरांचा गौरव म्हणून तो नियम फाटकाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवायचं ठरलं, त्याला टाळ्या पडल्या. निघताना चेअरमननी खिशातून एक चॉकलेट काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

"हे नातीला द्या," ते म्हणाले, आणि त्यांच्या मनात त्या वेळी प्रेमाशिवाय काही नव्हतं, हे मास्तरांना स्पष्ट दिसत होतं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

घरी लेक दारातच उभी होती. मास्तरांनी झालं ते सगळं सांगितलं.

"बाबा, कशाला उगाच?" ती थकून म्हणाली. "तुम्ही माझ्या बाजूनं बोललात आणि हरलात? तुम्ही समितीत कधी हरला आहात का? सरळ सांगा ना, नियमच जास्त प्यारा आहे म्हणून."

"अगं, खरंच बोललो मी!"

"मला पटतंय," आजी आतून म्हणाली. "खोटं बोलून इतकं पडलेलं तोंड होत नाही माणसाचं."

मुंगीनं चॉकलेट घेतलं, कागदासकट मोडलं आणि अर्धं आजोबांच्या हातावर ठेवलं. "नाही म्हणाले का?" तिनं विचारलं. मास्तरांनी मान हलवली. "बरं," ती म्हणाली, आणि बॉल घेऊन अंगणात गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "माझा!" तो नेहमीपेक्षा जरा बारीक होता. मास्तरांच्या हातात ते अर्धं चॉकलेट तसंच होतं. त्यांनी ते कोटाच्या खिशात टाकलं, शिट्टीबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळेचं कोर्ट आखलं, आणि मग डबा आणि सुतळी घेऊन ते फाटकाबाहेर आले. शाळेच्या कुंपणाची भिंत कोर्टाच्या मागच्या बाजूला लागूनच होती, जेमतेम छातीइतकी. तिच्या पलीकडे एक मोकळी पट्टी होती, जिथं गाड्या वळवत. तिथं त्यांनी दुसरं कोर्ट आखलं. तितकंच मोठं, तितकंच सरळ.

चेअरमन दुकान उघडायला चालले होते. "सर, हे काय?"

"रेघा आहेत," मास्तर म्हणाले.

लोकांनी मात्र आपापला अर्थ लावला. पांढरी रेघ दिसली की गाडी लावायची, एवढंच आपल्याला शिकवलेलं. मास्तर शाळेतून बाहेर येईपर्यंत कोर्टावर एक टेम्पो आणि दोन स्कूटर व्यवस्थित, रेघेला रेघ लावून उभ्या होत्या. मास्तर दारोदार फिरून मालकांना शोधत बसले. आठवडाभर रोज हेच. गाड्या निघाल्या की मुंगी यायची, दोन खांबांना दोरी बांधायची आणि एकटीच खेळायची. भिंतीच्या आत संघाचा सराव चाले. अधूनमधून कप्तान भिंतीवरून डोकं काढून म्हणायची, "मुंगे, जरा वर उडव ना, बघू." मास्तर शिट्टी वाजवून तिला आत ओढायचे. आपल्या संघातल्यानं दुसरीकडे खेळायचं नाही, हे नियमातलं दुसरं वाक्यही त्यांचंच होतं ना.

सामन्याचा दिवस आला. टायवाल्यांची बस आली, मुली उतरल्या, टाय काढून खिशात घातले. पंच म्हणून त्यांनी स्वतःच रेघमास्तरांचं नाव सुचवलं होतं. हा माणूस स्वतःच्या शाळेला एक इंच झुकतं माप देणार नाही, याची त्यांना पक्की खात्री. फाटकाजवळ रंगारी शिडीवर चढून भिंतीवर नियम रंगवत होता. पहिलं वाक्य झालं होतं, दुसरं चाललं होतं. मुंगीची आई पाण्याची बाटली घेऊन बघणाऱ्यांत उभी होती. मुंगी भिंतीबाहेर, विटेवर वीट ठेवून त्यावर चढलेली. हनुवटीपासून वर तेवढी दिसायची.

खेळ चुरशीचा झाला. आपल्या पाच पोरींनी जीव तोडला, डोळेमिटीनं डोळे मिटले. शेवटचा डाव अगदी काठावर आला. आता एक पॉइंट गेला की खेळ खलास.

टायवाल्यांनी सर्व्हिस टाकली. बॉल नेमका डोळेमिटीवर. तिनं डोळे मिटून हात वर केले आणि बॉल तिच्या मनगटाला लागून मागं उडाला, उंच, भिंतीच्याही पलीकडे. गेला, असं सगळे म्हणतात न म्हणतात तोच भिंतीमागून आवाज आला, "माझा!" दोन छोटे हात वर आले आणि बॉल परत आत. कप्ताननं तो उडी मारून असा हाणला की टायवाल्यांच्या मधोमध आदळला.

शाळा नुसती नाचायला लागली. टायवाल्यांच्या शिक्षिका कोणाशी तरी बोलत होत्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुलींनाही वाटलं, मागच्या कोणीतरी घेतला असेल. पाहिलं होतं ते संघातल्या पोरींनी, मुंगीच्या आईनं आणि मास्तरांनी. कप्तान मास्तरांकडे बघत होती. शिट्टी त्यांच्या ओठात होती. नातीच्या हातून इतका सुंदर पास गेला होता की कोणालाही अभिमान वाटावा, आणि मास्तरांना तो वाटत होता, छाती फुटेल इतका वाटत होता.

त्यांनी शिट्टी वाजवली.

"बाहेरचा हात लागला," ते म्हणाले. "पॉइंट त्यांचा. सामना त्यांचा."

भिंतीवरून मुंगीचा आवाज आला, "बरोबर आहे! माझाच हात लागला." तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, आणि तेच मास्तरांना सहन झालं नाही. त्यांनी तोंड वळवलं.

"स्वतःच्या नातीवर शिट्टी मारलीत बाबा," लेक जवळ येऊन हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "धन्य आहे तुमची."

टायवाल्यांनी ढाल घेतली, टाय बांधले आणि बस गेली. चेअरमन धावत आले आणि मास्तरांचा हात दोन्ही हातांनी धरून हलवायला लागले. "वा सर! याला म्हणतात माणूस! हरलो त्याचं काही नाही, पण शिकवण काय दिलीत!"

तेवढ्यात त्यांच्या शेजारून कप्तान निघाली. तिच्यामागून बाकीच्या चौघी, आणि सगळ्यांत शेवटी डोळेमिटी, नाक ओढत. शाळेचेच शर्ट घालून त्या फाटकातून बाहेर पडल्या, शिडीखालून वाकून गेल्या आणि पट्टीवर उभ्या राहिल्या.

"मुंगे, उतर खाली," कप्तान म्हणाली. "दोरी बांध."

"सर!" चेअरमन ओरडले. "अहो, या बाहेर खेळायला लागल्या! दुसरं वाक्य!" शिडीवरच्या रंगाऱ्यानं ब्रश थांबवला. ते वाक्य अजून अर्धंच झालं होतं.

"काय साहेब, पुढचं लिहू का राहू दे?"

"लिही," मास्तर म्हणाले. "ठळक लिही. उद्या आपल्या शाळेला संघ का नाही, असं कोणी विचारलं तर तिथंच वाचता येईल. या सहाही जणी बाद. मी त्यांना बाहेर शिकवतो, तेव्हा मीही."

"म्हणजे? असं कसं सर? या एवढ्या वेळी आपण बघून न बघितल्यासारखं करू."

"रडणाऱ्याकडे बघून रेघ हलवायची नसते." मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला. शिट्टीजवळ ते अर्धं चॉकलेट होतं, वितळून पुन्हा घट्ट झालेलं. ते त्यांनी चेअरमनच्या तळहातावर ठेवलं आणि फक्कीचा डबा उचलून फाटकाबाहेर गेले. चेअरमन हार्डवेअरच्या दुकानाचे मालक होते, गावात त्यांना मान होता. पण ते आत तसेच उभे राहिले, चॉकलेट हातात घेऊन, आणि त्यांचा खालचा ओठ लहान पोरासारखा हलायला लागला.

लेक हे सगळं बघत होती. ती बापाच्या मागं बाहेर गेली. "त्या दिवशी समितीत खरंच बोलला होतात तुम्ही?" तिनं विचारलं.

"सुतळीचं दुसरं टोक धर," मास्तर म्हणाले. "टेम्पोनं मागची रेघ पुसलीय."

तिनं धरलं. रेघ झाली. तीन एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला अशा वाटण्या झाल्या. मुंगीच्या वाट्याला डोळेमिटी आली. पलीकडून कप्ताननं सर्व्हिस टाकली. बॉल उंच गेला आणि दोघींच्या बरोबर मधे यायला लागला.

"माझा!" मुंगी ओरडली.

"माझा!" डोळेमिटीही ओरडली, डोळे गच्च मिटून, जन्मात पहिल्यांदाच. आणि दोघी धावल्या. कपाळावर कपाळ असं आदळलं की रंगाऱ्यानं शिडीवरून मान वळवली. दोघी दोन दिशांना धुळीत बसल्या, बॉल मधेच टप्पा खाऊन गेला. लेक किंचाळली. मास्तर पळाले, गुडघे विसरून.

मुंगीच्या कपाळावर टेंगूळ चढत होतं. ती हसत होती, हसता हसता तिला श्वास घेता येईना. "आजोबा, धडकलो! आम्ही दोघी धडकलो!"

एकीनं ओरडलं की दुसरीनं थांबायचं असतं, हे मास्तरांना सांगायचं होतं. पण आधी त्यांनी डोळे पुसले. फक्कीचा हात डोळ्याला लावला की चुरचुरतं, हे इतक्या वर्षांत त्यांना ठाऊक असायला हवं होतं. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं.

"पॉइंट कोणाचा, सर?" डोळेमिटीनं कपाळ चोळत विचारलं.

मास्तरांनी नाक पुसलं, शिट्टी शोधली आणि हात पलीकडे दाखवला.

"समोरच्यांचा," ते म्हणाले.